गल्लीतून गेलेली रेषा

विंचूरची तीन पाटी वाटसरूंच्या ओळखीची आहे. तेथून एक रस्ता निफाडमार्गे नाशिककडे जातो, दुसरा येवल्याकडे आणि तिसरा लासलगावकडे. लग्न होऊन या गावी आले तेव्हा पत्त्यात 'तालुका निफाड' लिहिण्याची सवय मी लावून घेतली. आपला विधानसभेचा मतदारसंघ मात्र येवला आणि लोकसभेचा दिंडोरी आहे, हे पुढे मतदानाच्या निमित्ताने उमगले. २००१ च्या जनगणनेच्या आधारे झालेली मतदारसंघांची पुनर्रचना २००८ साली लागू झाली. मतदारसंघांची लोकसंख्या शक्यतो सारखी राहावी, हा तिचा हेतू. त्यात तालुक्याची हद्द सर्वत्र टिकली नाही. दाखल्याला निफाड, आमदाराला येवला! या विसंगतीचे मला हसू येई. अशा रेषा दूर कोठेतरी, मोठ्या नकाशांवर ओढल्या जातात, अशी माझी समजूत होती.

ग्रामपंचायतीचा सदस्य संपूर्ण गाव निवडत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार लोकसंख्या पाहून ७ ते १७ सदस्य ठरतात, गावाचे प्रभाग पडतात आणि प्रत्येक प्रभाग आपापले दोन किंवा तीन सदस्य निवडतो. राखीव जागांसाठी चिठ्ठ्या निघतात. भरल्या ग्रामसभेत एखादे शाळकरी पोर डब्यात हात घालते आणि वर्षभर तयारी केलेल्या कोणा पुरुषाचा चेहरा उतरतो. सरपंचपदाचा नियमही स्थिर राहिलेला नाही: २०१७ साली थेट निवड आली, २०२० मध्ये ती गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. या बदलांची चर्चा पारावर रंगते. प्रभागाच्या सीमेची चर्चा सहसा कोणी करीत नाही.

आमच्या समोरच्या घरात आक्का राहतात. माझे यजमान गेल्यानंतर निराधार योजनेचे कागद घेऊन त्या माझ्याबरोबर निफाडपर्यंत आल्या होत्या. कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे त्यांना पाठ होते. एका निवडणुकीत प्रभागातील जागा महिलेसाठी राखीव निघाली आणि गल्लीने त्यांनाच उभे केले. प्रचाराच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दहा घरे फिरले. रात्री मतदार यादी चाळताना माझे नाव सापडेना. ते पुढच्या प्रभागाच्या यादीत होते. नवी रचना करताना सीमा आमच्याच गल्लीच्या मधोमध आली होती. सीमा रस्त्याने, गल्लीने, ओढ्याने जावी, हा नियम योग्यच. पण गल्लीला दोन बाजू असतात, हे त्या रात्री प्रथम जाणवले.

प्रारूप रचना फलकावर लागली होती, हरकतींसाठी मुदतही होती. त्या फलकावरून मी रोज दूध आणायला जात होते. वाचले नाही, हा दोष माझाच. वाचले असते तरी काय लिहिले असते, हाही प्रश्नच आहे. 'समोरच्या बाई माझ्या आहेत' ही काही हरकत नव्हे.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघी बरोबर निघालो. शाळेच्या आवारात आक्का डावीकडच्या खोलीकडे वळल्या, मी उजवीकडच्या. यंत्रासमोर मी बराच वेळ उभी राहिले. त्यावरची नावे ऐकून माहीत होती, एवढेच. मतदान अधिकाऱ्याने घसा खाकरला तेव्हा बोट दाबले. कोणत्या विश्वासाने दाबले, ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

आक्का निवडून आल्या. माझ्या प्रभागाचे सदस्यही भले गृहस्थ आहेत. मागच्या महिन्यात मुलीच्या अर्जासाठी रहिवासी दाखला हवा होता, तेव्हा माझे पाय सवयीने समोरच्याच दाराकडे वळले.

"सूनबाई, तुमचा सदस्य आता वेगळा आहे," आक्का हसून म्हणाल्या, आणि चपला शोधू लागल्या.