कात

संत्र्याच्या बागेत, धुऱ्यावरच्या दगडांत गेल्या पावसाळ्यात सापाची सबंध कात सापडली. नात आनंदाने ओरडली, "केंचुली!" आम्ही तिला फटकारले, "कात म्हण." ती हिरमुसली.

आमच्या लहानपणी आजी सांगे, कात टाकली की साप पुन्हा तरुण होतो. पुढे वाचनातून कळले, की सापाच्या अंगावरचे निर्जीव आवरण अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून वाढत्या पिल्लांना कात वारंवार टाकावी लागते. आधी खाली नवी त्वचा तयार होते. त्या दिवसांत डोळ्यांवरचे खवलेही दुधाळ होतात. सापाला नीट दिसत नाही. तो आडोसा धरतो, चटकन चिडतो. मग तोंड दगडाला घासून कात सैल करतो आणि ती मोज्यासारखी उलटी सोडून पुढे सरकतो. खेकड्याचे याहून बिकट. जुन्या कवचातून तो मागच्या मागे बाहेर येतो तेव्हा अंग लोण्यासारखे मऊ असते. पाणी शोषून तो फुगतो आणि नवे कवच टणक होईपर्यंत दगडाखाली लपून राहतो.

आमच्या जन्मापूर्वीच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी, असे आमचे आयुष्य गेले. हिंदीत टिपणे लिहिता लिहिता हिशेबही मनातल्या मनात हिंदीत होऊ लागले. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसरही त्यात आले. पाटी बदलली, कचेरीची भाषा तीच राहिली. मग त्या पोरीवर राग कशाचा? डोळे दुधाळ झाले होते ते आमचेच.

संध्याकाळी आम्ही ती कात उजेडात धरली. डोळ्यांच्या जागी भिंगासारखे दोन पारदर्शक खवले होते. खवल्यांची मांडणी शेपटीपर्यंत जशीच्या तशी. नातीने विचारले, "आजोबा, नव्या कातडीवरपण हेच डिझाइन असते?" आम्ही म्हणालो, "हो, रांगा त्याच." सापाबद्दल ते खरे आहे. आपल्या घरांबद्दल तसे ठामपणे सांगायला आमची जीभ रेटली नाही.

तिने कात वहीत ठेवली आणि खाली दोन्ही शब्द लिहिले. 'कात' दुसऱ्या क्रमांकावर होता. या खेपेस आम्ही काही बोललो नाही.