दोन मिलिमीटर

गेल्या पावसाळ्यात एकलहऱ्याच्या रस्त्यावर पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात आमच्या गाडीचे पुढचे डावे चाक आदळले आणि तडकले. टायरला काही झाले नव्हते. तडा होता तो धातूच्या चाकाला, आतल्या बाजूच्या काठावर. बोटभर लांब आणि केसाएवढा बारीक. हवा एकदम गेली नाही, रात्रभरात गेली. लोखंडी रिम अशा वेळी वाकते आणि ठोकून सरळ होते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चाक हलके आणि देखणे असते, पण फार वाकण्याआधीच तडकते. वेल्डिंग करून देणारे गावात आहेत. मात्र त्या उष्णतेने भोवतालच्या धातूचे पाणी उतरते, तेव्हा जोड टिकला तरी त्याच्या शेजारची जागा टिकेल याची हमी नाही. सारांश, नवे चाक शोधणे आले.

गाडी आमची नव्हे, आमच्या वडिलांची. आप्पा १९७१ साली एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात लागले आणि २००३ साली तिथूनच निवृत्त झाले. पुढे २००५ साली वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण आप्पांच्या तोंडी आजही ‘बोर्ड’च आहे. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी फियाटची पॅलिओ घेतली. सगळी कॉलनी मारुती घ्या म्हणत होती. आप्पांनी दोन्ही गाड्यांची दारे चारचार वेळा उघडून मिटून पाहिली, आवाज ऐकला आणि पॅलिओ ठरवली. क्वार्टरसमोर उभ्या असलेल्या त्या गाडीवर रोज राखेचा पातळ करडा थर बसे आणि आप्पा तो रोज सकाळी पुसत. पंधरा वर्षे झाल्यावर २०१८ साली आणि त्यानंतर पुन्हा २०२३ साली नोंदणीचे नूतनीकरण झाले, पर्यावरण कर भरून झाला. गाडी चालत राहिली. आता आप्पा ऐंशीचे आहेत आणि गाडी आम्ही चालवतो.

चाक ही गोल वस्तू आहे आणि सगळ्या गोल वस्तू सारख्याच, अशी आमच्यासारख्या साहित्याच्या माणसाची भाबडी समजूत असते. दुकानात गेल्यावर ती पहिल्या मिनिटात संपली. ‘पीसीडी किती?’ असा प्रश्न आला. चाक हबला चार बोल्टांनी धरलेले असते. त्या चार बोल्टांच्या केंद्रांतून जाणारे एक वर्तुळ कल्पावे. त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत हा व्यास १०० मिलिमीटर असतो, मारुती ८००मध्ये ११४.३ असतो, आणि पॅलिओत, फियाटच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, तो ९८ असतो. मधल्या भोकाचा व्यास ५८.१. याशिवाय ऑफसेट म्हणून आणखी एक माप आहे: चाक हबला जिथे टेकते ती पातळी रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, याचे. ते चुकले तर चाक मडगार्डला घासते किंवा बेअरिंगवर नको तो भार येतो. म्हणजे चाक गोल असते हे त्याच्याविषयीचे सर्वांत कमी महत्त्वाचे सत्य.

शंभरची चाके प्रत्येक दुकानात भिंतभर टांगलेली होती. अठ्ठ्याण्णवचे एकही नव्हते. ज्या गाडीचे उत्पादन थांबून बरीच वर्षे लोटली तिच्यासाठी दुकानदाराने जागा का अडवावी? दोन महिने आम्ही नाशिक रोड, द्वारका, सातपूर असे हिंडलो. शेवटी एका दुकानदाराने (नाव सांगत नाही, कारण दोष त्याच्याइतकाच आमचाही आहे) तोडगा काढला. म्हणाला, ‘सर, दोन मिलिमीटरचा तर फरक आहे. बोल्ट आवळले की बसते. एकाच गाडीला दोन तऱ्हेची चाके बरी दिसणार नाहीत, चारही बदलून घ्या.’ आणि ती बसली. डोळ्यांना तर उत्तमच बसली. जुनी धड असलेली तीन चाके बदल्यात द्यायला मात्र जीव झाला नाही. ती घरी जिन्याखाली ठेवली.

‘बसणे’ हे मराठी क्रियापद मोठे उदार आहे. शब्द ओळीत बसतो, ओळ वृत्तात बसते, विश्वास बसतो आणि फटकाही बसतो. वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ करण्याची मुभा कवीला आपण शतकानुशतके देत आलो आहोत, आणि ती मुभा विद्यार्थ्यांना समजावून सांगताना आम्ही तिचे कौतुकच करतो. बोल्टाला अशी मुभा नसते. दोन मिलिमीटरचा फरक व्यासातला. म्हणजे चाक मध्यावर असेल तर प्रत्येक बोल्ट आपल्या भोकाच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकलेला. त्याचे शंकूच्या आकाराचे डोके भोकाच्या खोबणीत चारी बाजूंनी टेकण्याऐवजी एका बाजूने टेकते. पान्याला वाटते की बोल्ट पुरता आवळला. प्रत्यक्षात तो तिरका ताणलेला असतो. प्रत्येक फेऱ्यागणिक तो किंचित वाकतो, सैल होतो, आणि एखाद्या दिवशी तुटतोही.

हे सगळे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. ठाऊक होते. चाके बसवण्यापूर्वी आम्ही ते वाचले होते. पण दोन महिन्यांच्या वणवणीने माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाला ‘जवळपास’ हा शब्द फार गोड वाटतो. सिन्नरला जाताना ताशी सत्तरच्या पुढे स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवली, तेव्हा आम्ही रस्त्याला दोष दिला. आप्पांना चाकांविषयी इतकेच सांगितले की मिळाली.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आप्पांना एकलहऱ्याला, कॉलनीजवळच्या बँकेत न्यायचे होते. धुराडी दिसू लागली तसे ते नेहमीप्रमाणे बोलू लागले. १४० मेगावॅटचे पहिले दोन संच, जे आता बंद झाले आहेत. मग १९७९ ते १९८१ या काळात एकामागून एक उभे राहिलेले २१० मेगावॅटचे तीन. बोलता बोलता ते मध्येच थांबले. तळवा दारावर टेकवला, काही क्षण तसाच ठेवला.

‘गाडी बाजूला घे.’

खाली उतरून, गुडघ्यावर हात ठेवून ते चाकाजवळ वाकले. डिकीतला पाना मागितला. चारांपैकी दोन बोल्ट त्यांच्या ऐंशी वर्षांच्या हाताने हलले.

‘किती फरक आहे?’

‘दोन मिलिमीटर.’

‘आणि तुला माहीत होते?’

आम्ही हो म्हणालो. ते रागावले नाहीत. बोल्ट आवळून, पाना पुसून त्यांनी तो परत दिला आणि गाडीत बसले. बँकेपर्यंत आम्ही ताशी वीसने गेलो. वाटेत ते एवढेच बोलले की टर्बाइन आणि जनरेटर यांचे रोटर एका रेषेत आणताना ते डायल गेज लावून शंभरांश मिलिमीटर मोजत, आणि दोन शंभरांशांसाठी एकदा सगळी पाळी रात्रभर जागली होती. कारण मिनिटाला ३००० फेरे घेणारी वस्तू ‘जवळपास’ ऐकून घेत नाही. मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘मी काय, माझे झाले. यात तुझी आई बसते, पोरे बसतात.’

त्या वाक्यानंतर आम्हांला आमच्याच वर्गातली कितीतरी वाक्ये आठवली. भाषांतर शिकवताना ‘हा शब्द जवळचा आहे, चालेल’ असे आम्ही किती सहज म्हणतो! बैलगाडीच्या चाकाला मराठीत तुंबा, आरे, धाव असे वेगवेगळे शब्द आहेत. सुताराने घडवलेले चाक त्या गाडीचे असे. तुंबा त्याच आखासाठी कोरलेला. त्या शब्दांच्या जागी आम्ही एका उताऱ्यात सरसकट ‘चाकाचे भाग’ लिहू दिले होते. अर्थ बसला होता. म्हणजे दोन मिलिमीटर सोडून बसला होता. शब्दाने माणूस मरत नाही हे खरे. पण सैल बोल्टाची थरथर आपण सोसतो आणि रस्त्याला दोष देतो, ही सवय दोन्हीकडे एकच. असो.

गाडी बँकेतून तशीच हळूहळू घरी आणली आणि चाके उतरवली. पुढच्या रविवारी पंचवटी एक्स्प्रेसने दादर आणि तिथून लोकलने कुर्ला गाठले. तिथल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांची चाके छातीएवढ्या ढिगांत रचलेली असतात. खिशात आप्पांचा जुना व्हर्नियर होता. त्यांनी रीत शिकवून पाठवले होते: समोरासमोरच्या दोन भोकांच्या आतल्या कडांमधले अंतर मोजायचे आणि त्यात एका भोकाचा व्यास मिळवायचा. पहिल्या चार दुकानांत उत्तर शंभरच येत राहिले. ‘साब, चल जायेगा,’ असे प्रत्येकजण म्हणाला. पाचव्या दुकानात, ढिगाच्या तळाशी, काळवंडलेले एक चाक निघाले. मोजले. अठ्ठ्याण्णव. नक्षीही आमचीच. काठावर बोट फिरवून तडा नाही याची खात्री केली, अडीच हजार रुपये दिले आणि ते पोत्यात घातले. परतीच्या गाडीत ते पायांशी ठेवून बसलो असताना ध्यानात आले की पॅलिओ कुर्ल्याच्याच कारखान्यात बनत असे. चाक आपल्या जन्मगावीच सापडले होते.

जिन्याखालची तीन आणि हे चौथे अशी चाके आप्पांनी समोर बसून लावून घेतली. बोल्ट आधी हाताने, मग पान्याने, एकाआड एक समोरासमोरचे. चौथ्या चाकाचा रंग अजून वेगळा आहे. तो तसाच ठेवला आहे.

‘पन्नास किलोमीटर झाले की पुन्हा एकदा आवळ,’ ते म्हणाले. ‘नीट बसलेलेसुद्धा एकदा तपासायचे असते.’

काल पन्नास झाले. सकाळी पाना घेऊन खाली उतरलो तेव्हा आप्पा आधीच गाडीपाशी खुर्ची टाकून बसले होते.