काठावरच्या खुणा

वस्त्राची परीक्षा पोताने होते. परंतु त्याची ओळख पटते ती काठाने. घडी घालून ठेवलेल्या लुगड्यांच्या चळतीतून हवे ते लुगडे गृहिणी काठ पाहूनच अचूक ओढून काढते. पोकर नामक पत्त्यांच्या खेळातील चकत्यांचेही असेच आहे. त्या एकीवर एक रचून ठेवतात, तेव्हा वरच्या चकतीखेरीज एकीचेही तोंड दिसत नाही; दिसतो तो केवळ काठ. त्या काठावर वेगळ्या रंगाचे जे पट्टे असतात, त्यांची निवड करण्याचा प्रसंग मागे आम्हांवर आला, आणि एवढ्याशा वस्तूने आम्हांस बराच विचार करावयास लावला.

जुन्या पद्धतीच्या चकतीवर हे पट्टे रंगवलेले नसतात. चकतीच्या कडेला खाचा पाडून त्यांत दुसऱ्या रंगाच्या द्रव्याचे तुकडे बसवतात आणि साच्यात तापवून दाबतात. मग दोन्ही द्रव्ये एकजीव होतात. हा खटाटोप केवळ शोभेसाठी नव्हे. नक्कल करणे अवघड व्हावे, आणि वीस चकत्यांच्या चळतीत परकी चकती शिरलीच तर ती काठावरून तत्काळ उघडी पडावी, हा त्यातील हेतू. इंग्लंडात १६६२ पासून यंत्रावर नाणी पाडू लागले आणि त्यांच्या कडांवर खुणा उमटवू लागले, तेही नाणी कातरणाऱ्यांस आळा बसावा म्हणूनच. आपल्याकडे कौटिल्याने तर अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने फासे स्वतः पुरवावेत आणि ते बदलणाऱ्यास बारा पण दंड करावा, असे सांगून ठेवले आहे. खेळ कोणताही असो, साधन विश्वासाचे नसेल तर तो खेळ राहत नाही. हे हस्तिनापूरच्या सभेची कथा ऐकत वाढलेल्यांस वेगळे सांगावयास नको.

आमच्या चुलत बंधूंनी अमेरिकेहून पाठवलेल्या चकत्या दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या होत्या, आणि त्यांत पाच व पंचवीस या किमतींच्या चकत्या नव्हत्याच. त्या नव्याने मागवावयाच्या होत्या. तिकडच्या जुगारगृहांत सामान्यतः एकाची चकती पांढरी, पाचाची तांबडी, पंचविसाची हिरवी आणि शंभराची काळी असते. तोच क्रम ठेवावा, असे सर्वांच्या मनात होते. अडचण एकच होती: आमच्या थोरल्या काकांस तांबडा आणि हिरवा हा भेद दिसत नाही. त्यांनी हे आयुष्यात कधी बोलून दाखवले नाही. आंबा पिकला की नाही, हे ते वासावरून आणि बोटांनी ओळखतात. दिवाळीत घरची मंडळी खेळावयास बसली की ते आपल्या चकत्या एखाद्या नातवाकडे मोजावयास देत, आणि अलीकडे तर "तुम्ही खेळा, मी पाहतो" असे म्हणून बाजूस सरकू लागले होते.

मुलांस प्रत्येक चकतीवर तीन-तीन रंगांचे पट्टे हवे होते. तशा चकत्या सुट्या पाहिल्या तर मोहक दिसतात. चळत रचली की मात्र त्यांची गोधडी होते. शिवाय चळतीतील प्रत्येक चकती वाटेल तशी फिरलेली असते आणि पाहणाऱ्यास कडेचा निम्माच घेर दिसतो. पट्टे तीन असले तर त्यांतील एखाददुसराच समोर येतो. तेव्हा संख्येपेक्षा रुंदीवर, आणि रंगापेक्षा उजेड-अंधाराच्या अंतरावर अधिक भिस्त ठेवली पाहिजे, असे आमचे मत झाले. एकाच्या पांढऱ्या चकतीवर पट्टा नव्हता आणि शंभराच्या काळीवर आठ बारीक पट्टे होते; मधली जागा आम्ही भरली. पाचाच्या तांबड्या चकतीस फिकट पिवळे तीन रुंद पट्टे, पंचविसाच्या हिरवीस पांढरे सहा अरुंद पट्टे. किंमत चढत जाते तसे पट्टे वाढतात, हा एकच नियम लावल्याने परक्या कारखान्यांच्या चकत्याही एका घरच्या वाटू लागल्या.

या नियमाचे श्रेय आमचे नव्हे. आपल्या नव्या मालिकेतील नोटा पाहाव्यात: शंभराच्या नोटेच्या कडांस चार तिरप्या, उठावदार रेघा आहेत आणि पाचशेच्या नोटेस पाच. ज्यांस दिसत नाही त्यांच्या बोटांसाठी ती सोय आहे.

वाचकांपैकी कोणी विचारील की, देवळाच्या वाटेने जाणाऱ्यांस हा द्यूताचा नाद कशाला? १८७२ च्या करार कायद्याचे तिसावे कलम पैजेचा करार निरर्थक ठरवते, हे आम्ही वकील या नात्याने जाणतो. मांडवीतील नौकांवर चालणारा खेळ वेगळा. आमच्या घरी चकतीचा पैसा कधी होत नाही. रात्र सरली की साऱ्या चकत्या पेटीत जातात, आणि जिंकणाऱ्याच्या पदरी पडते ते एखादे चिरोटे.

नव्या चकत्या आल्यानंतरच्या दिवाळीत काकांनी आपली चळत कोणाच्या हाती दिली नाही. त्यांनी ती स्वतः मोजली, स्वतः पुढे सरकवली, आणि मध्यरात्रीपर्यंत यथासांग हरलेही स्वतःच.