श्वास अडतो तो कोठें?

यकृताच्या रोग्यास धाप लागली कीं घरोघरीं एकच निदान होतें : दमा. पाटणच्या आमच्या घरांतही तेंच झालें, आणि वहिनींनीं आल्याचा काढा सुरूं केला. माझ्या पत्नीचें यकृत गेलीं चार वर्षें निबर होत चाललें आहे. (मद्याचा थेंबही ज्या घरांत शिरला नाहीं, तेथेंही मधुमेह व मेद यांच्या योगानें असें होतें, हें प्रत्येक विचारणाऱ्यास सांगून मी थकलों.)

निबर यकृतांतून रक्त सुखानें वाहत नाहीं. कोयनेच्या धरणामागें पाणी जसें शिवसागरांत तुंबतें, तसें आंतड्यांकडून येणारें रक्त मागें तुंबतें, आणि पोटांत पाणी पाझरूं लागतें. तें श्वासपटलास वर रेटतें. कित्येकांत त्या पटलाच्या सूक्ष्म छिद्रांतून, बहुधा उजव्या बाजूस, छातींतही शिरतें. जलोदरांत नाभीखालीं डावीकडे वेध करून नळीनें पाणी काढावें, मात्र एकाच दिवशीं सर्व काढूं नये, असें सुश्रुतानें सांगितलें आहे. घाईनें होणाऱ्या उपद्रवांत त्यानें श्वासही गणला आहे. आज एका बैठकींत ५ लिटरांहून अधिक पाणीही काढतात, पण त्याबरोबर शिरेंतून आल्ब्युमिन देतात. शिवाय मीठ दिवसास ५ ग्रॅमच. म्हणजे लोणच्या-पापडांस रजा.

पहिल्या वर्षीं या उपायांनीं श्वास मोकळा झाला. गेल्या आषाढांत मात्र पोटांत पाणी नसतांना धाप परतली. सूनबाई मायेनें पाठीशीं उशा रचून तिला बसवी, ती घसरून उताणी निजे आणि म्हणे, “बसलें कीं जीव घाबरा होतो, आडवी झालें कीं बरें वाटतें.” दम्यांत याच्या उलट घडतें. मीं हें तारखांसह टिपून डॉक्टरांस दाखविलें. त्यांनीं तिला निजवून व उभें करून बोटावर प्राणवायूचें प्रमाण मोजलें : ९३ आणि ८६. या विकारांत फुप्फुसांतील केशवाहिन्या रुंदावतात व रक्त पुरेसा प्राणवायु न घेतांच निसटतें; उभें राहिल्यावर तें खालच्या, अधिक रुंदावलेल्या भागाकडे ओढलें जातें. पाणी उतरविणारीं औषधें येथें निरुपयोगी.

तेव्हांपासून प्राणवायूचें यंत्र माजघरांत आहे. महाराष्ट्रास वीज देणारें धरण आमच्याच तालुक्यांत; तरी पावसाळ्यांत दिवे जातात, म्हणून एक सिलिंडर भरून ठेवावा लागतो. झोपेची गोळी मात्र ती कितीही मागो, डॉक्टरांस विचारल्यावांचून मी देत नाहीं. अशा रोग्याची शुद्ध तिनें हरपूं शकते.

खरा उपाय यकृतारोपणाचा. तें साधलें तर फुप्फुसांचा हा विकारही बहुतेकांत सहा महिने-वर्षांत ओसरतो. धाकटा मुलगा आपल्या यकृताचा भाग देण्यास सिद्ध आहे. उरलेलें पुन्हां वाढतें, हें त्यानें आईस चित्र काढून समजाविलें. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाली, “तुझ्या पोटावर सुरी फिरवून मला आणखी किती वर्षें जगायचें आहे?” मार्गशीर्षांत पुण्यास जावयाचें ठरलें आहे. गाडी सांगून झाली. तिचा होकार अजून मिळावयाचा आहे.