दोन स्टॉप जास्त

माळ्यावरचा स्टीलचा डबा खाली काढून उघडला, तशी सून स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, काय आंबलंय?" आंबण्यासारखं त्यात काही नव्हतं. जुन्या वह्यांच्या कागदाची पाकिटं होती आणि पाकिटांत निगेटिव्ह. एक पट्टी ओढली तर ती सरळ होईना. कडांना लाटा आलेल्या, मधला पापुद्रा सुटून सुरकुतलेला, आणि व्हिनेगरचा वास इतका की नाकात झिणझिण्या आल्या.

वास ओळखीचा होता. माहेरच्या न्हाणीघरात लाल दिव्याखाली तीन ट्रे मांडलेले असायचे, त्यातल्या मधल्या ट्रेचा हा वास. पहिल्यात डेव्हलपर, मधल्यात स्टॉप बाथ, शेवटच्यात हायपो. स्टॉप बाथ म्हणजे पाण्यात घातलेलं ॲसेटिक ॲसिड. डेव्हलपरचं काम जागच्या जागी थांबवायला. त्या काळची फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची असायची. उष्मा आणि दमट हवा लागली की वर्षानुवर्षांनी तिच्यातून हेच ॲसिड सुटायला लागतं, आणि एकदा सुटलं की शेजारच्या पट्ट्यांनाही ते बिघडवतं. त्याआधीची नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, म्हणून ॲसिटेटच्या फिल्मला 'सेफ्टी फिल्म' म्हणत. ठाण्याचे पावसाळे आणि घट्ट झाकणाचा डबा; तिला मारायला याहून चांगली सोय नाही.

डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं आहे. माझ्या भावाचं. त्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, पण आधी वर्गाबद्दल.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नौपाड्यातल्या एका शाळेत रविवारी सकाळी फोटोग्राफीचा वर्ग भरायचा. सर चित्रकलेचे शिक्षक. वर्गात बाई मी एकटीच. नुकती नोकरीला लागले होते, रविवारी सकाळी मुलीने घराबाहेर काय करायचं हे घरात कुणाला नीटसं कळत नव्हतं. सर 'ऑर्वो'चा शंभर फुटी रोल आणायचे, काळ्या पिशवीत हात घालून त्याचे तुकडे करायचे आणि वापरलेल्या कॅसेटींत भरून एकेकाला द्यायचे. बारा फोटो, एक विषय, एक आठवडा. उंबरठा. काच. गर्दी. रिकामी खुर्ची. पुढच्या रविवारी ज्याचे त्याने बाकावर मांडायचे. सर मागे हात बांधून फिरत आणि एकच विचारत, "इथेच का उभी राहिलीस?" सांगता आलं तर ठीक. नाही आलं तर फोटो बाकावर उलटा घालून पुढे जात. ओरडत नसत. उलट्या फोटोकडे बघत तासभर बसणं हीच शिक्षा.

असा वर्ग आपल्याकडे नवा नव्हता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी होते, ते स्वतः फोटो काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफी शिकवायला सुरुवात झाली, आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. दगेरने फोटो काढण्याची आपली युक्ती पॅरिसमध्ये जाहीर केली होती १८३९ साली, म्हणजे अवघी सोळा वर्षं आधी. तेव्हा त्या पोरांना गृहपाठ काय मिळत असेल याचं मला फार कुतूहल आहे. रासायनिक द्रव्यं मोजा, काचा घासा, बहुतेक एवढंच.

तर आमच्या वर्गात एका रविवारी विषय आला: पांढरा.

घरात पांढरं काय होतं? भिंती होत्या, पण चुना पिवळा पडलेला. भात होता. आणि आत्याचं लुगडं होतं. आत्या बालविधवा, आमच्याकडेच असायची. सकाळी आंघोळ झाली की ओलं लुगडं काठीच्या टोकावर घेऊन वरच्या दांडीवर टाकायची. बाकीच्यांना ते एका फटक्यात जमत नसे. आत्या टाचा उचलायची, काठीचं टोक दांडीपलीकडे न्यायची, मनगटाला एक हिसका, की नऊ वार कापड दांडीवर बसायचं. मग काठीनेच ते टोकापासून टोकापर्यंत सरकवत न्यायची आणि चुण्या मोडायची. खिडकी पूर्वेची. ओल्या कापडातून ऊन आत यायचं.

तिला फोटोचं विचारलं तर म्हणाली, "माझा फोटो कशाला? हार घालायला?" चेहरा येणार नाही म्हटल्यावर पाठ देऊन उभी राहिली.

कॅमेरा पेंटॅक्सचा, के-१०००. भाऊ बोटीवर होता, त्याने सिंगापूरहून आणलेला. त्यात डोळा लावला की उजव्या बाजूला एक सुई दिसते. उजेड कमी असेल तर खाली, जास्त असेल तर वर. सुई मधोमध आणली की झालं. मी मधोमध आणली आणि आत्याचे चार-पाच फोटो काढले. कॉन्टॅक्ट प्रिंट काढला तर लुगडं करडं. राखेने घासलेल्या भांड्यासारखं.

बाकावर सगळ्यांचंच पांढरं करडं आलं होतं. कुणाचा बगळा, कुणाचं मीठ, कुणाची गांधी टोपी. सर खूश झाले. त्यांनी हा विषय त्यासाठीच दिला होता. कॅमेऱ्यातल्या मीटरला समोर लुगडं आहे की कोळसा आहे, काही कळत नाही. जग सरासरीने अठरा टक्के उजेड परत फेकतं एवढं एकच त्याला शिकवलेलं असतं, आणि जे दिसेल ते तो त्या करड्यावर आणून ठेवतो. कोळसाही करडा, दूधही करडं. "सुईचं ऐकायचं," सर म्हणाले, "आणि मग आपल्याला माहीत असलेलं तिला सांगायचं. पांढरं असेल तर दोन स्टॉप जास्त."

पुढच्या आठवड्यात विषय दुसरा होता, पण मी पुन्हा आत्यालाच उभं केलं. लेन्सचं छिद्र ५.६ वर ठेवलं की सुई मधोमध येत होती, मी ते दोन स्टॉप उघडून २.८ वर नेलं. सुई वर चढून बसली. तिच्या मनाविरुद्ध बटण दाबताना आपण काहीतरी चोरून करतोय असं वाटलं. या खेपेला लुगडं पांढरं आलं. नुसतं पांढरं नाही. ओल्या भागाचं पांढरं वेगळं, पिळून कोरड्या झालेल्या भागाचं वेगळं, आणि मधे आत्याच्या दंडाचा काळा आकार. सरांनी फोटो हातात घेतला. "इथेच का उभी राहिलीस?" विचारलंच नाही.

घरी मात्र त्या फोटोने पाण्यावरून भांडण लावलं. हायपोतून काढलेला कागद तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर पुढे पिवळा पडतो. आमच्याकडे नळाला पाणीच तासभर. आत्या बादली हातात घेऊन दारात उभी: "तुझ्या फोटोंना आंघोळ, आणि माणसं कोरडी." उरलेलं पाणी तुळशीला घाल म्हटलं तर तेही नको. औषधाचं पाणी.

दर आठवड्याला एक विषय म्हणजे किती सावकाश काम, असं तेव्हा वाटे. पण दादासाहेब फाळक्यांचं बघा. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले. चित्रपटाला भांडवल हवं, तर आधी काही तरी दाखवायला हवं. म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंब फुटून त्याचं रोप होईपर्यंत थोडं थोडं चित्रण करत राहिले. 'अंकुराची वाढ' म्हणतात ती हीच फिल्म. ती पाहून पैसा उभा राहिला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. यातला वाटाणा सगळ्यांना ठाऊक असतो. पण विलायतेहून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेने भोकं पाडायला लागायची, ते काम घरात अंधार करून सरस्वतीबाई फाळके करायच्या, फिल्म धुवायच्या आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. पडद्यावर नाव दादासाहेबांचं.

आता डब्यावर येते.

आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात फोटोंचं प्रदर्शन होतं. आत्याचा फोटो मी दिला. मांडवात जाऊन पाहते तर फोटोखाली भावाचं नाव. दादा त्या वेळी युरोपच्या वाटेवर कुठल्या तरी समुद्रात होता. विचारलं तर कळलं, फॉर्म भरणाऱ्याने "कॅमेरा कुणाचा?" विचारलं होतं आणि वडिलांनी सरळपणे सांगितलं होतं. पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा, त्यावर नाव आधीच कोरून आणलेलं. मी मंडळाच्या काकांना म्हटलं, फोटो माझा आहे. ते हसून म्हणाले, "घरातच आहे ना!"

होमाई व्यारावालांचं वाचलं तेव्हा हा डबा आठवला. १९१३ सालचा त्यांचा जन्म, जे. जे. स्कूलच्या विद्यार्थिनी, पुढे देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. पण सुरुवातीचे फोटो छापून यायचे पती माणेकशा यांच्या नावाने. पद्मविभूषण मिळाला तो २०११ साली, म्हणजे कॅमेरा खाली ठेवून चाळीसेक वर्षं झाल्यावर. त्यांची माझी बरोबरी नाही, मला ते माहीत आहे. पण होमाईबाई निदान माणेकशांकडून शिकल्या तरी होत्या. दादाला कॅमेऱ्यात रोल कसा घालायचा हे मी दाखवलं होतं. असो. असो म्हणून सोडून देते आणि दर गणपतीला पुन्हा उकरते.

पुढे लग्न झालं. कॅमेरा दादाचा, तो माहेरी राहिला. वर्ग सुटला, सर गेले. काही वर्षांनी आत्या गेली, तेव्हा तेराव्याला फोटो हवा म्हणून कपाटं उपसली. तिचा एकमेव चांगला फोटो माझा, त्यात ती पाठमोरी. पाठीला हार घालणार कसा? शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून तिचा चेहरा कापून मोठा केला. धुरकट, डोळे कुठे आहेत तेही कळेना. त्याच्यासमोर बसून जेवताना मला सारखं वाटत होतं, हिने आपल्याला चांगलंच फसवलं.

निवृत्तीनंतर पुन्हा रविवार सुरू झालेत. तलावपाळीवर सकाळी आम्ही ज्येष्ठ मंडळी जमतो. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान, हातात सगळ्यांच्या फोन. विषय दर आठवड्याला. पहिले काही रविवार मला गंमत वाटेना, कारण फोनला सगळंच कळतं. एकदा बोट लावलं की तो स्वतःच तीन-चार फोटो घेतो, उजळ भाग एकातला, अंधारा दुसऱ्यातला, शिवून एक करतो. चेहरा दिसला की गोरा करतो. आकाश निळं करतो. माझ्याकडून सांगण्यासारखं काही उरतच नाही. मग त्या मुलीने दाखवलं, पडद्यावर बोट दाबून धरलं की त्याचं शहाणपण जरा वेळ थांबतं, आणि वर-खाली सरकवलं की उजेड आपल्या मर्जीचा. तेवढी फट मला पुरे आहे.

दादाला काचबिंदू आहे. उशिरा कळला, बाजूची नजर गेली आणि गेलेली परत येत नाही. मधोमध थोडंसं दिसतं. फोनवर फोटो पाठवून उपयोग नाही, म्हणून मी रविवारी दुपारी त्याला फोटो सांगते. बोटीवरच्या माणसाला दिशा लागतात. उजेड कुठून येतोय? तुझ्या डाव्या हाताला काय आहे? फोटोत नाही ते सांग. सरांच्या प्रश्नाच्या फार जवळचे प्रश्न आहेत हे, आणि ज्याने आयुष्यात एकही धड फोटो काढला नाही त्याला ते सुचावेत याचा मला जरा रागच येतो.

गेल्या आठवड्यात विषय होता 'आवाज'. सगळे कुकरची शिट्टी आणि देवळातली घंटा यांच्या मागे लागले. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "अगं, ठाणे स्टेशनवर पुलावर उभी राहा. गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर येतेय म्हणून अनाउन्समेंट झाली की बघ. सगळ्या माना एकदम वर जातात, आणि मग सगळे पाय एकदम वळतात. तो मधला क्षण घे."

संध्याकाळी गेले. पुलाच्या कठड्याशी, धक्के खात, फोन दोन्ही हातांनी धरून. बराच वेळ नेमाने गाड्या येत राहिल्या, वेळेवर, जागच्या जागी. एरवी देवाचे आभार मानले असते. अखेर तो घोगरा आवाज आला. शे-दोनशे चेहरे एकदम वर झाले, पत्र्याखालच्या त्या लाउडस्पीकरकडे, जणू तो दिसल्याशिवाय ऐकू येणार नव्हता. एकटं एक पोर मात्र खाली बघून वेफर्स खात होतं.

रविवारी हाच फोटो निवडला गेला. तळ्याकाठच्या बोर्डावर लावला, खाली नाव. दुपारी दादाला सगळं सांगितलं, पोराच्या वेफर्ससकट. त्याने उजेडाचं विचारलं, गाडी कुठल्या बाजूने आली ते विचारलं, आणि मग म्हणाला, "कल्पना माझी होती. नाव कुणाचं घातलंस?"

"माझं," मी म्हटलं. "घरातच आहे ना!"