नेपाळच्या घाटातली रात्र

पोळा झाला, की आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. निंदण-डवरणी आटोपलेली असते. सोयाबीन कापायला, कापूस वेचायला अजून अवकाश असतो. देवदर्शनाचा लांबचा प्रवास मग याच दिवसांत ठरतो. पण हिमालयात हेच दिवस दरडी कोसळण्याचे. तिकडचा पावसाळा सप्टेंबर अखेरपर्यंत रेंगाळतो.

२०१९ च्या सप्टेंबरात आमच्या गावची तीस माणसे नेपाळच्या यात्रेला निघाली, त्यांत मीही होतो. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर आणि तेथून ठरवलेल्या बसने सोनौलीची सीमा. देश परका, पण आपल्या माणसाला व्हिसा लागत नाही. घड्याळ तेवढे पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. पोखरा पाहून आम्ही पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी काठमांडूकडे निघालो. दोनशे किलोमीटरची वाट. संध्याकाळी मुक्कामी पोचू, असा हिशेब होता.

वाटेत दरड कोसळली होती. दगड-माती उपसेपर्यंत पाच तास गाड्यांची रांग खोळंबली. रस्ता मोकळा झाला तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस चालूच होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल मर्स्यांगदी नदी. ती दिसत नव्हती, पण तिचा आवाज बसमध्ये येत होता. तळेगावचा सत्याग्रही घाट आपल्याला मोठा वाटतो. इथे एक वळण संपायच्या आत दुसरे सुरू. समोरून ट्रक आला, की सगळे देवाचे नाव घेत.

पुढच्या बाकावर आमच्यातल्या एक साठीच्या मावशी बसल्या होत्या. त्यांचे लक्ष ड्रायव्हरकडे होते. "मान कलून राहिली त्याची," त्या हळूच म्हणाल्या. मग मोठ्याने विचारले, "भैया, कब से जागे हो?"

"कल सुबह से, माताजी," तो म्हणाला. दुसरा ड्रायव्हर गाडीत नव्हताच.

"थांबव बाप्पा गाडी. पशुपतिनाथ काई पळून नाई जात."

काही जण कुरकुरले. काठमांडूच्या खोल्यांचे पैसे भरलेले होते. यात्रेवाल्यांचा माणूसही फोनवर "निघून या" म्हणत होता. मावशी म्हणाल्या, "बैल थकला त आपन जू उतरवतो. हा त मानूस हाय." त्यावर कोणी काही बोलले नाही.

मर्स्यांगदी जिथे त्रिशूलीला मिळते, त्या मुगलिंगला बस उभी केली. डाळभाताच्या हॉटेलवाल्याने बसायला बाकडी दिली. ड्रायव्हर मागच्या सीटवर आडवा झाला, तो उजाडल्यावरच उठला. सकाळी पुढे निघालो तेव्हा रस्त्यात जागोजागी धोंडे पडलेले दिसले.

१२ जुलै २०२४ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास मुगलिंग-नारायणघाट रस्त्यावर सिमलताल येथे दरडीने दोन बसगाड्या त्रिशूलीत लोटल्या. साठांहून अधिक प्रवासी होते. तिघे तेवढे वाचले. त्याच वर्षी २३ ऑगस्टला आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना याच मर्स्यांगदीत कोसळली. २७ जण दगावले. ती वेळ तर भर दिवसाची होती. दिवसा घाटाची ही तऱ्हा, मग रात्रीचे काय सांगावे!

आणि रात्रीचा धोका डोंगरातच असतो असेही नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ जळाली. २५ प्रवासी गेले. त्यांत आपल्या जिल्ह्यातली माणसेही होती.

म्हणून यात्रा ठरवताना, पैसे देण्याआधीच बोलून घ्यावे. घाटाचा टप्पा दिवसाउजेडी पार व्हावा. लांबच्या वाटेला दोन ड्रायव्हर असावेत. वर्गणीतून थोडी रक्कम वाटेतल्या मुक्कामासाठी राखून ठेवावी, म्हणजे पुढच्या खोलीचे भाडे वाया जाईल या धाकाने कोणी गाडी दामटणार नाही. जमल्यास हिमालयाची यात्रा हरभरा-गहू घरात आल्यावर चैत्रात करावी. आणि पुढच्या बाकावर असे माणूस बसवावे, जे स्वतः जागे राहील आणि वेळ आली तर "थांब" म्हणायला भिणार नाही.