चारशे फुटांचा घेर

गणित हा माझा विषय नव्हे. पदवीसाठी मी मराठी निवडले आणि पुढे मराठीच शिकवीत आलो. तरीही 'सिद्धता' या शब्दाचा अर्थ मला प्रथम उमगला तो बीजगणिताच्या वहीत आणि त्याची किंमत कळली ती पिंपळवंडीच्या आमच्या मळ्यात.

पुणे-नाशिक रस्त्यावर, नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे निघाले की आमचे गाव लागते. कुकडीच्या खोऱ्यातला हा मुलूख ऊस, कांदा आणि टोमॅटो यांचा. येथे माणसाची पत बांधावरून ठरते आणि भांडणेही बांधावरूनच होतात. 'बांध कोरणे' हा वाक्प्रचार आमच्याकडे शब्दकोशातून शिकावा लागत नाही.

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, हयातीतच घरामागच्या तुकड्याची तोंडी वाटणी करून दिली होती. थोरल्या मुलाच्या, म्हणजे तात्यांच्या, वाट्याला १०० फूट लांब आणि १०० फूट रुंद असा चौरस आला. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, वाट्याला त्याला लागूनच १२० फूट लांब आणि ८० फूट रुंद असा आयत आला. आबांनी सुंभाची दोरी दोन्ही तुकड्यांच्या बांधांवरून फिरविली. दोहोंचा घेर ४०० फूट भरला. "दोघांना सारखंच दिलंय," असे ते म्हणाले आणि त्यानंतर वीस वर्षे कोणाला त्यात वावगे दिसले नाही.

दहावीत असताना आम्हांला असमानता सिद्ध करण्याची उदाहरणे आली. अ आणि ब या दोन धन संख्या असतील, तर त्यांच्या बेरजेची निमपट ही त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळापेक्षा, म्हणजे √(अब) पेक्षा, कधीही लहान नसते, हे दाखवायचे होते. मी मोठ्या उत्साहाने जे सिद्ध करायचे तेच पहिल्या ओळीत लिहिले, दोन्ही बाजूंचा वर्ग केला, पदे इकडून तिकडे नेली आणि शेवटी एका निर्विवाद सत्यापाशी येऊन थांबलो. गुरुजींनी पानावर तांबडी रेघ ओढली. "हे तू शोधलंस, सिद्ध केलं नाहीस. आता तळापासून वर लिही," ते म्हणाले.

त्या शेऱ्यात सगळे शास्त्र होते. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, या साध्या विधानापासून निघावयाचे. √अ वजा √ब या फरकाचा वर्ग घ्यावा. तो शून्य तरी असेल किंवा शून्याहून मोठा. त्याचा विस्तार केला की अ अधिक ब वजा २√(अब) मिळते. तेव्हा अ अधिक ब ही बेरीज २√(अब) पेक्षा लहान असू शकत नाही. दोहोंस दोनाने भागले की काम संपले. समानता केव्हा, याचेही उत्तर त्यातच आहे: अ आणि ब सारखे असतील तेव्हाच.

गुरुजींनी आणखी एक सावधगिरी शिकविली. असमानतेच्या दोन्ही बाजूंचा वर्ग करण्यापूर्वी त्या ऋण नाहीत ना, हे पाहावे. उणे ५ हे ३ पेक्षा लहान आहेत. वर्ग केला की २५ हे ९ पेक्षा मोठे होतात. वर्ग करताना चिन्ह पुसले जाते आणि चिन्हाबरोबर खरे-खोटेही उलटते.

त्याच संध्याकाळी मी अ च्या जागी १२० आणि ब च्या जागी ८० घालून पाहिले. बेरजेची निमपट १००, गुणाकार ९६००, त्याचे वर्गमूळ ९८ हून किंचित कमी. म्हणजे अण्णांचा तुकडा जेमतेम ९८ फूट बाजूच्या चौरसाएवढा होता, तर तात्यांचा पुऱ्या १०० फुटांचा. फरक ४०० चौरस फुटांचा, एक तृतीयांश गुंठ्याहून थोडा अधिक. नवल असे की ही उणीव स्वतःही एक चौरसच असते. दोन बाजूंच्या फरकाची निमपट घ्यावी आणि तिचा वर्ग करावा. येथे २० चा वर्ग. वीस फूट लांब, वीस फूट रुंद.

जेवताना मी हे अभिमानाने सांगितले. अण्णांचा हात ताटात थांबला. "एवढ्यात एक गोठा होतो," एवढेच ते बोलले. त्यानंतर कित्येक दिवस ते तात्यांच्या ओट्यावर गेले नाहीत.

पुढे वाचनात आले की ही चूक आबांची एकट्याची नव्हती. पाचव्या शतकातला ग्रीक भाष्यकार प्रोक्लस याने युक्लिडच्या भूमितीवर लिहिताना नोंदविले आहे की, जमिनीच्या वाटणीत काही जण मोठ्या घेराचा तुकडा दुसऱ्याला देत, स्वतः अधिक जमीन मिळवीत आणि वर प्रामाणिक म्हणून मिरवीत. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त, लंब किंवा कर्ण न सांगता केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याची कडक हजेरी घेतली आहे. त्याच चार बाजू ठेवून चौकोन कलता केला की आतली जागा बदलते. बांध मोजणे म्हणजे जमीन मोजणे नव्हे.

मात्र तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. एका रात्री अण्णांनी विचारले, "आबांना हे ठाव होतं का रे? आणि तात्याला?" मी वही उघडून बसलो. वहीत उत्तर नव्हते. मी सिद्ध केले होते ते एवढेच की एक तुकडा लहान आहे. कोणी फसविले, हे त्यातून निघत नव्हते. आमच्या घरात मात्र तेच पहिल्या ओळीत लिहिले गेले होते आणि मग तात्यांचे प्रत्येक जुने बोलणे त्याचा पुरावा ठरू लागले होते. गुरुजींची तांबडी रेघ मला आठवली. मी ते अण्णांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. सकाळी उठून ते तात्यांकडे गेले.

तात्या दोरी घेऊनच आले. सामाईक बांधापासून आपल्या बाजूला त्यांनी दोन फूट मोजले. "शंभर फूट लांब, दोन फूट रुंद. दोनशे माझे गेले, दोनशे तुझे आले. झालं सारखं?" त्यांना बीजगणित येत नव्हते, हिशेब मात्र चोख होता. दोन्हीकडे ९८०० चौरस फूट.

अण्णांनी मान हलविली. "आबांनी घातलेला बांध हलवायचा न्हाई. मला फक्त इचारायचं व्हतं."

बांध तेथेच आहे. तात्यांनी मात्र त्यानंतर ती दोन फुटांची पट्टी कधी नांगरली नाही. तिच्यावर गवत वाढते आणि आमची गुरे ते खातात.